गॅलरीतली चटई

आमचे हे गेले त्याला वर्ष होऊन गेलं, तरी पहाटे त्यांचा आवाज गॅलरीतून येतो, हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगून काय होणार होतं? मुलाने मला डॉक्टरकडे नेलं असतं आणि नणंदेने कुठल्यातरी बाबाकडे. मी आयुष्यभर शाळेत शिवण शिकवलं. मुलींच्या वाकड्या टाक्यांवर ओरडण्यात माझी नोकरी संपली. जे हाताला लागतं आणि डोळ्यांना दिसतं त्यावरच विश्वास ठेवायची मला सवय आहे. म्हणून पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा मी उठून आधी फ्रिजचं बटण बंद केलं.

आवाज फ्रिजचा नव्हता. पाण्याच्या मोटरचाही नव्हता, आमच्या बिल्डिंगची मोटर चांगलं उजाडल्यावर लागते. गॅलरीच्या कोपऱ्यात मधमाश्यांनी पोळं केलंय का, तेही मी या वयात स्टुलावर चढून पाहिलं. पोळं नव्हतं, जळमटं होती, ती काढून टाकली. दुसऱ्या दिवशी आवाज पुन्हा आला. ओठ मिटून नाकातून काढलेला, एका श्वासापुरता लांब. मग श्वास घ्यायला लागतो तेवढा वेळ शांत, आणि पुन्हा सुरू. हे रोज पहाटे गॅलरीत चटई घालून भ्रामरी प्राणायाम करायचे, अगदी तसाच. मी पडदा सरकवला की आवाज थांबायचा. अंथरुणावर येऊन पडले की पुन्हा लागायचा.

भीती वाटायची. का नाही वाटणार? पण एखाद्या पहाटे तो आलाच नाही तर काय, याची त्याहून जास्त वाटायची.

यांची सगळी नोकरी कोलशेतच्या एका कंपनीत, मशीनवर गेली. डोंबिवलीहून रोज ठाण्याला जायचं आणि पुढे बस. कापसाचे बोळे घालूनसुद्धा कान गेले ते गेलेच. रिटायर झाल्यावर घरात शांतता झाली आणि तेव्हा त्यांना कळलं, की डावा कान आतून वाजतोय. दिवसभर. म्हणायचे, "कंपनी बंद झाली, मशीन काही बंद होत नाही." कानाच्या डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा कोणीतरी त्यांना आमच्या मागच्या सोसायटीच्या हॉलमधल्या योगाच्या वर्गाला पाठवलं. भ्रामरीने कान शांत होतो म्हणे. कान किती शांत झाला ते त्यांनाच ठाऊक, पण माणूस शांत झाला. इतका, की मला राग यायचा. मी भांडायला उभी राहायचे आणि हे माझ्याकडे बघत नुसता श्वास घ्यायचे. "सकाळी सकाळी भुंगा सोडलाय घरात," असं मी त्यांना रोज ऐकवायचे. हे हसायचे आणि चटई गुंडाळून ठेवायचे. त्या चटईच्या कडा उसवल्या तेव्हा मीच त्यांना निळ्या खादीची पट्टी लावून दिली होती, दुहेरी शिलाई मारून. ती अजून सुटलेली नाही.

यांच्या दहाव्याला खाडीवर काय झालं ते आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अडलं.

बायका घाटावर जात नाहीत, असं नणंद म्हणाली. मी गेले. पिंड मांडला, त्यावर भात, दही, आणि यांना आवडायची म्हणून मी केलेली लसणाची शेव. कावळे होते, पण एकही जवळ येईना. झाडावर बसून नुसते बघत होते. मग नेहमीप्रमाणे एकेकाने पुढे होऊन हात जोडायला सुरुवात केली. दीर म्हणाले, गावच्या घराचं आम्ही बघू. नणंद म्हणाली, दादा, तुझ्या नातीच्या लग्नात काही कमी पडू देणार नाही. नात तेव्हा दुसरीत होती. कावळा ढिम्म. गुरुजी घड्याळाकडे बघायला लागले, दर्भाचा कावळा करून शिववू म्हणाले, आणि माझा धीर सुटला. काय राहिलंय या माणसाचं? कशात जीव अडकलाय?

तेवढ्यात मुलगा पुढे झाला. हा कम्प्युटरवाला मुलगा, एरवी आरतीला उभा राहिला तरी एक डोळा फोनवर. पिंडासमोर हात जोडून मोठ्याने म्हणाला, "बाबा, आईला मी एकटं ठेवणार नाही." आणि नेमकं त्याच वेळी मी मनात म्हटलं, "तुमची चटई मी घालीन. रोज." का म्हटलं, मलाही माहीत नाही. मनात दुसरं काही आलंच नाही. कावळा उतरला, त्याने शेव उचलली आणि गेला. सगळे सुटले. नणंद मुलाच्या पाठीवरून हात फिरवत रडली. त्याच्या शब्दाने कावळा शिवला, हे तिथेच ठरून गेलं. पोराला इतकं रडताना मी बऱ्याच वर्षांनी पाहत होते, त्यात मी माझी चटई कुठे आणू?

तेव्हापासून मुलगा हट्टाला पेटला. तो आता कोलशेतला राहतो, खाडीच्या बाजूच्या टॉवरमध्ये. जिथे यांनी कान घालवले त्याच रस्त्यावर. मी डोंबिवली सोडून तिकडे यायचं, आमची जागा भाड्याने द्यायची. "आई, मी बाबांना बोललेलो. कावळ्याने ऐकलंय ते. तू इथे एकटी राहिलीस तर मी खोटा पडतो ना?" एकुलता एक मुलगा आई हवी म्हणतोय, आणि आईने सांगायचं, की मी येत नाही कारण तुझे वडील पहाटे गॅलरीत गुणगुणतात? मी वर्षश्राद्धापर्यंत टाळलं. मग त्याने सरळ सांगितलं, पाडव्याला गृहप्रवेशासारखंच तुला घेऊन येणार. भाडेकरूही ठरवला, दिव्याला राहणारं एक जोडपं, तिथल्या पाणीटंचाईला कंटाळलेलं.

म्हणजे पाडव्यानंतर पहाटे त्या गॅलरीत ती दोघं चहा पिणार होती. आणि यांनी कुठे बसायचं?

चटई तर मी घातलीच नव्हती. कपाटामागे उभी होती. एकदा काढली, उघडली, आणि यांच्या बसण्याने मध्ये जो गुळगुळीत भाग झालाय तो पाहून पुन्हा गुंडाळली. कधी वाटायचं, हे रोज पहाटे येतात ते आठवण करून द्यायलाच. कधी वाटायचं, मी चटई घातली की यांचं राहिलेलं काम पुरं होईल आणि मग हे येणार नाहीत. दोन्हींतलं खरं कोणतं, हे विचारायला माणूस नव्हतं. म्हणून पाडव्याला थोडे दिवस असताना चटई काखेत मारून मी यांच्या त्या वर्गाला गेले.

हॉल माझ्या ओळखीचा होता. तेराव्याची पंगत तिथेच बसली होती. योगाच्या बाई माझ्याहून मोठ्या, पांढरी सुती साडी, बोलणं स्वच्छ आणि मोजकं. मी कोण ते न सांगता विचारलं, "गुडघ्यासाठी काही घेता का?"

"गुडघ्यासाठी बागेत जा, तिथे संध्याकाळी चांगलं घेतात," बाई म्हणाल्या. "इथे घाम येत नाही आणि वजन कमी होत नाही. इथे बसायचं, श्वास बघायचा आणि गप्प राहायचं. देव मानत असाल तर तो श्वासाबरोबर येईल, नसाल तर नुसता श्वास येईल. चालेल?"

मला अशी सरळ बोलणारी माणसं आवडतात. मी खिडकीजवळ मोकळी जागा होती तिथे चटई घातली. बाईंनी चटईकडे पाहिलं, तिच्या निळ्या पट्टीकडे पाहिलं आणि माझ्याकडे. आजूबाजूची माणसं हलली, कोणीतरी मान खाली घातली. नंतर कळलं, की ती जागा यांची होती. हे गेल्यापासून तिथे कोणी बसत नव्हतं.

सुरुवातीला थोडं अंग मोकळं करून झालं, मान, खांदे, कंबर, तेही सावकाश. मग बसणं. डोळे मिटायचे आणि श्वास आत येतो तो "सो", बाहेर जातो तो "हम्", एवढंच ऐकायचं. श्वास ओढायचा नाही, ढकलायचा नाही. "तुम्ही श्वास घेत नाही आहात," बाई म्हणाल्या, "तो येतोय. तुम्ही दारात उभं राहून बघताय." ऐकायला सोपं होतं. माझ्या डोक्यात तेवढ्यात दूध तापवायचं राहिलं, सुनेला फोन करायचा राहिला, भाडेकरूला माळा दाखवायचा की नाही, असं सगळं येऊन गेलं. पण मध्येच, एखाद दोन श्वास, खरोखर काहीच नव्हतं. त्या रिकाम्या जागेत शेजारच्या माणसाचा श्वास ऐकू यावा तसा यांचा श्वास ऐकू आला. डाव्या बाजूने, जरासा घरघरता. मी डोळे उघडले. डाव्या बाजूला भिंत होती.

मग शवासन. बाई म्हणाल्या, "नाव काय आहे ते विसरू नका. सगळं सोडून गेल्यासारखं पडायचं." सगळे व्यासपीठाकडे डोकं करून आडवे झाले आणि माझ्या लक्षात आलं, की पाय दक्षिणेला होताहेत. यांना आम्ही ठेवलं होतं तसे.

"मी नाही पडणार," मी म्हटलं. "हे आमच्याकडे आताच होऊन गेलंय."

कोणी हसलं नाही. बाई तिथूनच म्हणाल्या, "उलट पडा. दिशा तुमची तुम्ही घ्या." मग मी एकटीच उलटी. माझं डोकं शेजारणीच्या पायांपाशी, तिच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक, आणि मला ते रफू करावंसं वाटत होतं. बाई एकेक अवयवाचं नाव घेत होत्या. पाऊल सोडा, पोटरी सोडा, हात सोडा, जबडा सोडा. माझा जबडा इतका घट्ट मिटलेला होता, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. तो सुटला आणि डोळ्यांतून पाणी कानात गेलं. पुसायला हात उचलावासा वाटला नाही. हे यांना काय मिळत होतं, ते मला पहिल्यांदा जरासं कळलं, आणि कळलं म्हणून राग आला. मला का नाही कधी बळेच ओढून आणलंत?

शेवटी भ्रामरी. अंगठ्यांनी कान बंद करायचे, बोटं डोळ्यांवर, दात किंचित उघडे, ओठ मिटलेले. "आवाज काढायचा नाही," बाई म्हणाल्या, "श्वास बाहेर जाताना तो होऊ द्यायचा." आणि सगळा हॉल गुंजायला लागला. मी कान मिटले नाहीत. त्या सगळ्या आवाजांतून मी एकच शोधत बसले. माझ्या गळ्यातून सूर फुटला नाही. त्या दिवशी नाही आणि त्यानंतर जितके दिवस गेले त्यातही नाही. घरीही नाही. चटई मात्र मी आता पहाटे गॅलरीत घालत होते, म्हटल्याप्रमाणे. घालायची आणि आत येऊन पडायचं. आवाज यायचा. पूर्वीपेक्षा स्वच्छ यायचा.

वर्गाच्या माझ्या शेवटच्या दिवशी मी बाईंना विचारलं, "माणूस गेल्यावर त्याची साधना कुठे जाते?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "तुमचे मिस्टर कानासाठी आले होते. नंतर एकदा म्हणाले, कान वाजतोच आहे, पण आता त्याचा त्रास नाही, त्याच्यामागे जे शांत आहे ते ऐकू येतं. मी इतकी वर्षं शिकवते, मला ते अजून ऐकू आलेलं नाही." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुम्हाला आवाज फुटत नाही, कारण तुम्ही ऐकत असता. हरकत नाही. तेही चालतं."

पाडव्याला मुलगा गाडी घेऊन आला. समोरच्या दाराची शेजारीण किल्ली ठेवून घ्यायला आली, भाडेकरू आठवड्याने येणार होते. निघताना मी गॅलरीत गेले. मनात म्हटलं, मी कोलशेतला चालले आहे, रस्ता तुमच्या पायाखालचा आहे. या. चटई गुंडाळून मांडीवर घेतली आणि कल्याण रोडपासून खाडीच्या पुलापर्यंत ती खाली ठेवली नाही. सुनेने पुरणपोळी केली होती, नातीने माझ्या खोलीच्या दाराला कागदाचं तोरण लावलं होतं. कोणाला नावं ठेवायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांच्या काचा लावलेल्या गॅलरीत चटई घातली. खाली तिवरांची झाडी, त्यापलीकडे खाडी, आणि आवाज एकच, शेजारच्या एसीचा. मी आत येऊन पडले. कान देऊन पडले. काही नाही. पुन्हा गेले, काच सरकवली, पुन्हा आले. काही नाही. मी आयुष्यात इतकी एकटी कधी पडले नव्हते, मुलगा, सून, नात भिंतीपलीकडे झोपलेले असताना. मग मी जाऊन चटईवर बसले, यांच्या गुळगुळीत जागेवर, आणि अंगठ्यांनी कान मिटले. श्वास सोडला. आवाज झाला. बारीक, चिरकलेला, शिवणाच्या बाईचाच. पण झाला. दुसऱ्या श्वासाला मी रडत होते तरी तो झाला. यांच्यासारखा मुळीच नव्हता, आणि मला वाटलं, संपलं. आता हा एवढाच आवाज उरला, माझा.

नाश्त्याच्या वेळी फोन वाजला. डोंबिवलीची शेजारीण.

"काकू, परत आलात पण? सांगायचं नाही का, चहा आणून दिला असता."

"अगं, मी कोलशेतलाच आहे."

"असं कसं? पहाटे तुमच्या गॅलरीतून आवाज येत होता की. ते तुमचं, ओम का काय करता ते. मी रोज त्याच्यावरच उठते. काका गेल्यावरपण तुम्ही चालू ठेवलंत ना, मी आमच्या ह्यांना तेव्हाच बोलले, काकूंनी बंद नाही पडू दिलं. बरं वाटायचं ऐकून." मग तिच्या लक्षात आलं. "काकू, मग आज कोण होतं?"

माझ्या तोंडून निघालं, "मोटर असेल." तिला ते पटलं की नाही, माहीत नाही. तिने फोन ठेवला.

मुलगा समोर पोहे खात होता. माझा चेहरा पाहून त्याने बशी खाली ठेवली. "काय झालं? जागेत पाणी वगैरे शिरलं काय?"

आणि मी सांगितलं. वर्षभराचं सगळं, फ्रिजपासून. खाडीवर मी मनात काय म्हटलं होतं तेही. डॉक्टरकडे ने, नाहीतर कुठेही ने, पण आधी ऐक, असं म्हणून सांगितलं. सून नातीला घेऊन आत गेली. मुलगा हसला नाही, चिडलाही नाही.

"मोटर नसेल?" त्याने विचारलं.

"आपली मोटर उजाडल्यावर लागते."

"आणि तू तिकडे कधी केलं नव्हतंस हे? एकदापण?"

"आज पहिल्यांदा केलं. इथे."

तो उठून गॅलरीत गेला. चटई अजून तशीच होती. तिच्या निळ्या पट्टीवरून बोट फिरवत तो बराच वेळ उकिडवा बसला, त्याचे वडील बसायचे तसा, डावा कान जरा वर करून. मग मला म्हणाला, "मी बाबांना काय बोललेलो, आई?"

"आईला एकटं ठेवणार नाही."

"मग तू तिकडे एकटी कुठे होतीस?"

त्याने भाडेकरूंना फोन लावला, दुसरी जागा बघून देईन म्हणाला, दोनदा माफी मागितली. मी माझी पिशवी भरायला घेतली. चटई त्यानेच गुंडाळली, वाकडीतिकडी, एक टोक बाहेर लोंबत, आणि मी टोकलं नाही. दारात चप्पल घालता घालता तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आज मी तिकडेच झोपतो. मला पण ऐकायचंय बाबांना."